हॅलोजनचं मला कसं माहीत होतं

आमच्याकडे हिटर म्हटलं की तो पाणी तापवायचा. कोपरखैरण्याच्या ओळखीच्या दुकानात मी "छोटा हिटर दाखवा" म्हटलं, तर दुकानदाराने बादलीत सोडायचा रॉड काढून काउंटरवर ठेवला.

"हा नाही, खोली गरम करायचा," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग डोक्यावर गरगरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. ऑक्टोबर चालू होता. उभ्याउभ्या शर्ट पाठीला चिकटत होता.

"खोली कुठं आहे तुमची?"

"ती काय, बाहेर उभी हाय," बायको म्हणाली.

बाहेर आमची बस उभी होती. एका शाळेची जुनी मिनीबस घेऊन मी कळंबोलीला ट्रकच्या बॉडी बांधणाऱ्याकडे दिली होती. त्याने आतल्या सीटा काढून झोपायला दोन बाक, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि पडदे एवढं करून दिलं. पिवळ्या रंगावर पांढरा मारला, तरी दाराच्या कडांना पिवळा राहिलाच. खारघरला आमच्या सोसायटीत ती पहिल्यांदा आणली तेव्हा वॉचमनने विचारलं होतं, "साहेब, क्लासेस काढताय का?"

न्हावा शेव्याच्या बंदरात मालाची कागदपत्रं सोडवण्यात तीस वर्षं घालवून मी नोकरी सोडली होती. जग पाहून आलेला माल मी रोज पाहत होतो आणि मी स्वतः कुठे गेलो नव्हतो. निदान घरात सगळे असंच समजत होते. बायकोला लग्नापासून बर्फ बघायचा होता. गाडीने जायचं, वाटेल तिथे थांबायचं, डिसेंबरात निघायचं, असं ठरलं होतं.

हिटरचं गणित बॉडीवाल्याने समजावलं होतं. गाडीच्या बॅटरीवर दिवे आणि पंखा चालेल, हिटर लावला तर बॅटरी बघता बघता बसेल. म्हणजे मुक्कामाला जिथे वीज मिळेल तिथेच तो लावायचा. आणि ढाब्याच्या नाहीतर कुणाच्या घरच्या प्लगला दोन हजार वॉट झेपेलच असं नाही, तेव्हा हजाराच्या आत बसणारा घ्यायचा. गाडी धक्के खाणार, म्हणून कलंडला तर आपोआप बंद होणारा. कोळशाची शेगडी बंद गाडीत अजिबात नाही, हे त्याने दोनदा बजावलं.

दुकानदाराने माळ्यावरून तीन खोकी काढली. दिल्लीकडे बदली होणारी माणसं नेतात, म्हणाला. एक ब्लोअर, एक हॅलोजनचा, आणि एक तेल भरलेला, सहा पात्यांचा, छोट्या पेटीएवढा पण वजनाने भारी. ब्लोअर त्याने चालू करून दाखवला आणि बायकोने "मिक्सर लावून झोपायचं काय?" म्हणून तो तिथेच बाद केला. राहिले दोन.

"हॅलोजन घ्या," दुकानदार म्हणाला. "हलका आहे, बटण दाबलं की लगेच गरम."

"नको," मी म्हटलं. "तो एकाच बाजूने भाजतो. तोंड तापतं आणि पाठ गारठते. तिघांना आळीपाळीने फिरत बसावं लागतं."

तोंडातून गेल्यावर कळलं. बायको तेलाच्या हिटरची वायर हाताने मोजत होती, तिने मान वर केली.

"तिघं कोन?"

"कुणी नाही. व्हिडिओत दाखवतात तसं."

तिने मान हलवली आणि पुन्हा वायर मोजू लागली. दुकानदार म्हणाला, "असं करा, दोन्ही न्या, गाडीत लावून बघा, नको तो परत आणा." आम्ही दोन्ही खोकी घेऊन निघालो. पाम बीच रस्त्यावरून येताना ती खिडकीतून खाडी बघत होती आणि मी स्टिअरिंग गच्च धरून बसलो होतो.

आता सांगतो. सतरा वर्षांपूर्वी ऑफिसने मला आणि आणखी दोघांना कामासाठी दिल्लीला पाठवलं होतं. तेव्हा आम्ही बोनकोड्याच्या जुन्या घरात राहत होतो. आईला अर्धांगवायू होऊन ती अंथरुणाला खिळली होती आणि तिचं सगळं, अगदी सगळं, बायको करत होती. आईला माझा हात लागलेला चालायचा नाही. "तिला बोलाव, पानी तिच्या हातचं दे," म्हणायची. मीही ते सोयीने खरं मानलं होतं.

दिल्लीचं काम ठरल्यापेक्षा लवकर संपलं. बरोबरचे दोघे म्हणाले, सिमला एका रात्रीच्या बसवर आहे. मी घरी फोन केला आणि सांगितलं, फाईल अडकली, दोन दिवस जास्त लागतील. खोटं बोलायला मला जड गेलं नाही, फाईल अडकणं हे तर माझं रोजचं वाक्य होतं. तिने सांगितलं, आईंना ताप आहे. आणि लगेच म्हणाली, "तुमी या सावकाश. इथलं मी बघते."

मी गेलो. बर्फ पाहिला, हातात घेतला. हॉटेलच्या खोलीत एक हॅलोजन होता, त्याच्यासमोर आम्ही तिघं तंदुरीसारखे फिरत बसलो होतो आणि हसत होतो. त्याच दिवशी बायको शेजारणीला घेऊन, आईला रिक्षात आडवी धरून वाशीला हॉस्पिटलात गेली होती. आई त्यातून बरी झाली. चार महिन्यांनी गेली ती वेगळ्या कारणाने. पण मी परत आलो तेव्हा बायकोने माझ्यापुढे ताट ठेवून विचारलं, "सुटली का फाईल?" आणि मी म्हटलं, "सुटली."

त्यानंतर ती जेव्हा जेव्हा बर्फाचं नाव काढायची, मी काहीतरी कारण काढायचो. रजा नाही, मुलीची बारावी, माझी कंबर. खरं कारण एकच होतं. बर्फ पहिल्यांदाच बघतोय असा चेहरा मला तिच्याशेजारी उभं राहून करता आला नसता. एका खोट्याने तिचे दोन दिवस खाल्ले होते. ते झाकायला मी सतरा हिवाळे खाल्ले.

रविवारी दुपारी आम्ही गाडी कळंबोलीला बॉडीवाल्याच्या शेडमध्ये नेली, कारण तिथे मोठा प्लग होता. काचा लावल्या, पडदे ओढले आणि हॅलोजन चालू केला. बाहेर घामाची हवा, आत त्याहून वाईट. पण बायको चाचणी पुरी करणारी. हिटरसमोर बसली, तोंड लाल झालं, मग मागे हात नेऊन तिने पाठ चाचपली.

"अवो, खरंच की. पुढं भाजतंय तेवढं मागं लागत नाय. तो व्हिडिओवाला बरोबर बोलत होता."

तिने त्या नसलेल्या व्हिडिओवाल्यावर इतक्या सहज विश्वास ठेवला की मला खोटं पुढे रेटवेना. मी म्हटलं, "व्हिडिओ नव्हता." आणि सगळं सांगितलं. दिल्ली, फोन, बस, ते दोघे. माझा घाम हनुवटीवरून गुडघ्यावर पडत होता. संपल्यावर तिने वाकून हिटर बंद केला.

"दार उघडा."

ती खाली उतरून शेडच्या सावलीत उभी राहिली. मीही उतरलो.

"आईंना ताप होता तोच फोन?"

"तोच."

"मी म्हटलं होतं, सावकाश या."

"हो."

"आनि तुमी सावकाशच आलात," ती म्हणाली. मी काही बोलायला गेलो तर हाताने थांबवलं. बॉडीवाल्याने आतून विचारलं, "ताई, चालतोय ना हिटर? गाडी तापली का?" ती म्हणाली, "तापली. चांगलीच तापली."

चार दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. भाजी कोणती आणू, गॅस आला का. मला वाटलं, गाडी आता विकावी लागेल. गंमत म्हणजे त्या चार दिवसांत मला झोप छान लागत होती आणि त्याचीही लाज वाटत होती.

पाचव्या दिवशी सकाळी चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "सिमला नको. तुमी बघितलेला बर्फ तुमचा. जिथं तुमी गेला नाय तिथं जायचं."

"उत्तराखंडात औलीला मी गेलेलो नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मुलीला विचारते रस्ता कसा हाय ते. आनि तेलाचा हिटर घ्यायचा. जड तर जड. बाकाखाली मावतो."

"बाकाखाली माझे मासे धरायचे गळ आहेत."

"होते," ती म्हणाली.

हॅलोजन परत द्यायला दोघं गेलो. दुकानदार म्हणाला, "काय, आवडला नाही?"

"यांना नाय आवडला," बायको म्हणाली. "यांना अनुभव हाय."

पूर्वी मी अशा वेळी हसून विषय बदलला असता. मी म्हटलं, "हो. सिमल्याला वापरला होता. हिला न सांगता गेलो होतो, तेव्हा."

दुकानदार एकदा तिच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. मग त्याने खोकं उघडून काचेची नळी शाबूत आहे का ते फार बारकाईने तपासलं आणि विचारलं, "एक्स्टेंशन बोर्ड दाखवू का? लांब वायरीचा लागेल तुम्हाला." बायकोने दुकानाबाहेर येईपर्यंत हसू आवरलं. रस्त्यावर मात्र ती थांबून हसली. शेडमधल्या त्या दुपारनंतरचं तिचं ते पहिलं हसू.

डिसेंबरात एका सकाळी आम्ही निघालो. हिटर बाकाखाली दोरीने बांधला होता. भिवंडी मागे पडल्यावर रस्ता मोकळा झाला, हवेत थोडा गारवा आला. तिने डब्यातली तांदळाची भाकरी मोडून मला दिली आणि म्हणाली, "अजून काय सांगायचं राह्यलं हाय का? रस्ता लांब हाय."

"आहे," मी म्हटलं.

"मग बोला."

मी सांगत गेलो. बहुतेक गोष्टी लहान होत्या, तिच्या भावाच्या लग्नातल्या सुटाबद्दल, तिच्या हातून फुटली असं तिला आजवर वाटत असलेल्या बरणीबद्दल. काहींवर ती हसली, काहींवर "हे माहीत होतं" म्हणाली. एका गोष्टीवर ती गप्प झाली आणि कसाऱ्याचा घाट चढेपर्यंत बोलली नाही. वर आल्यावर तिने खिडकी लावून घेतली, पदर खांद्याभोवती ओढला आणि म्हणाली, "पुढं?"