कौशल्याबाईंनी घेतलेला हाताचा ठसा

कौशल्याबाई माणसाचा चेहरा नंतर बघतात, आधी हात. खराडीतल्या एका आयटी कंपनीच्या गेटवर पडद्यामागे उभं राहून बायकांच्या पर्स तपासायच्या, हे त्यांचं काम. त्या कामातून त्यांनी स्वतःपुरता एक सिद्धांत काढला आहे. पर्स उघडताना जिची बोटं आखडतात, तिने काहीतरी लपवलेलं असतं. सिद्धांत खरा ठरायचे योग फारसे आले नाहीत. एकदा एकीच्या पर्समधून ऑफिसचा स्टेपलर निघाला होता, त्यावरच त्यांचं अजून भागतं आहे.

हिंगणघाटहून पुण्यात येऊन बरीच वर्षं झाली, पण या शहरावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. दुधाची पिशवी आली की त्या ती उलटीपालटी करून बघतात. शेजारीण हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायला आली, तर हिला आजच आपली आठवण कशी झाली, म्हणून संध्याकाळभर विचार करतात. संशय घ्यायला घरात नवरा उरला नाही, तो वारला. त्याच्या वाट्याचा संशयही मग एकुलत्या एका लेकीच्या, नम्रताच्या, वाट्याला आला.

नम्रता बी.कॉम. करते. कॉलेजच्या एनसीसीतून तिला एअर पिस्तुलाचा नाद लागला. सरळ उभं राहून, एका हाताने, दहा मीटरवरच्या कागदी निशाणावर छर्रे मारायचे. खडकवासल्याच्या रस्त्यावर एक क्लब आहे, तिथे ती स्वारगेटला बस बदलून जाते. पिस्तूल क्लबचं, बाकी लागतं ते कौशल्याबाईंनी घरी केलं. नेम धरताना डावा डोळा मिटायचा नसतो, नुसता झाकायचा असतो. त्यासाठी त्यांनी आइस्क्रीमच्या डब्याचं पांढरं झाकण कापून टोपीला अडकवलं. छर्रे ठेवायला औषधाच्या गोळ्यांची कप्प्याकप्प्यांची डबी दिली. जुनी योगा मॅट कापून पिस्तुलाची केस शिवली. क्लबातल्या मुली म्हणाल्या, काकू, आम्हालाही द्या ना करून. बाईंनी साफ नाही म्हटलं. आज झाकण मागतात, उद्या आपल्याच पोरीच्या पुढे जातील!

राज्य स्पर्धेला क्लबकडून एकाच मुलीचं नाव जायचं होतं. नम्रताचं, नाहीतर ऋतिकाचं. नम्रताचे गुण जरा वर होते. अडचण एवढीच की पिस्तुलाची लाकडी ग्रिप तिच्या हाताला मोठी पडायची. क्लबचे अभय सर म्हणाले, "लाकडाच्या भेगा बुजवायची लांबी मिळते ना, ती ग्रिपवर भरून तिच्या हाताचा ठसा घ्या. हात मोकळा असू द्या मात्र. तिला पिस्तूल धरायचंय, बसचा दांडा नाही."

ग्रिप स्क्रू काढून घरी आली. बाईंनी लांबीचे दोन गोळे कणकेसारखे मळले, लाकडावर थापले, नम्रताच्या तळव्याला खोबरेल चोपडलं आणि ग्रिप तिच्या हातात दिली. मग कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या, नजर तिच्या बोटांवर.

"हलू नको."

"नाही हलले गं आई."

"हललीस. मले दिसते."

ठसा उमटला, वाळला. बाईंनी तो पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केला. काम इतकं देखणं झालं की स्वतःवरही संशय घेणाऱ्या कौशल्याबाई त्या दिवशी स्वतःवर खूश होत्या.

आणि नम्रताचे छर्रे डावीकडे खाली जायला लागले. एकदा नाही, रोज. काय झालं विचारलं की ती म्हणायची, काही नाही. बाईंच्या डोक्यात चक्र सुरू झालं. क्लबात दोघी मुलींचं कपाट एकच. त्यात ही ऋतिका फार गोड बोलायची. खराडीच्या जमीनवाल्यांच्या घरातली पोर, पण भेटली की, "काकू, दमला असाल, बसा ना." कारणाशिवाय इतकं गोड पुण्यात कोण बोलतं? एका रविवारी क्लबात गेल्यावर बाईंनी गुपचूप ग्रिपच्या उंचवट्यावर पेन्सिलची रेघ ओढली. पुढच्या रविवारी रेघ अर्धी गायब होती आणि केसमध्ये राखाडी भुकटी सांडली होती. कोणीतरी ग्रिप घासत होतं!

त्या आठवड्यात त्यांनी ड्यूटी बदलून घेतली, घरी काही सांगितलं नाही आणि क्लबात जाऊन पाण्याच्या कूलरमागे उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने ऋतिका आली. इकडेतिकडे बघितलं, कपाट उघडलं, मुठीत काहीतरी घेतलं. बाईंनी झडप घालून तिचं मनगट धरलं.

"उघड हात! काय लपवलं, दाखव!"

हातात पॉलिश पेपरचा तुकडा होता. ऋतिका रडायच्या बेतात आली. तेवढ्यात नम्रता धावत आली.

"आई, सोड तिला! तो माझ्यासाठी आणलाय तिने. मीच घासते."

"तू? काहून?"

"बोटं रुततात. दुखतं."

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, तुले कोनं शिकवलं असं बोलायले."

बाईंनी मनगट सोडलं. आवाज ऐकून अभय सर आले होते. त्यांनी ग्रिप हातात घेतली, खाचांवरून अंगठा फिरवला.

"हा ठसा गच्च आवळलेल्या हाताचा आहे. म्हणून छर्रे खाली ओढले जातात. एरवी हिचा हात किती सैल असतो. ठसा घेताना काय झालं होतं?"

नम्रता हळूच म्हणाली, "आई समोर उभी होती."

कौशल्याबाईंना गेटवरचा पडदा आठवला. इतकी वर्षं त्या समोर उभ्या राहिल्या की बायकांची बोटं आखडत होती, आणि त्या पर्समध्ये कारण शोधत होत्या. त्यांना लाज वाटली. ऋतिकाकडे वळून म्हणाल्या, "लागलं का माय हाताले?"

निवड चाचणीच्या आदल्या दिवशी त्यांनी जुना ठसा खरवडून काढला आणि पुन्हा लांबी मळली. नम्रताच्या हातात ग्रिप दिली आणि त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. वळून बघायची इतकी ऊर्मी येत होती की त्यांनी गॅस एजन्सीचं कॅलेंडर मोठ्याने वाचायला घेतलं. चतुर्थीपर्यंत पोचल्या तेव्हा मागून नम्रता हसली.

चाचणीला त्या आत गेल्याच नाहीत, पायरीवर बसल्या. ऋतिकाने, "काकू, धरता?" म्हणत आपली बॅग त्यांच्या मांडीवर ठेवली. चेन अर्धी उघडी होती. बाईंनी ती न बघता लावली.

नाव ऋतिकाचं लागलं. नव्या ग्रिपला हात बसेपर्यंत नम्रताचे सुरुवातीचे छर्रे भरकटले होते; शेवटचे सगळे मात्र मधोमध. मायलेकी बसस्टॉपवर आल्या. गुण नीट मोजले का, हा प्रश्न बाईंच्या ओठावर आला, तो त्यांनी गिळला. नम्रताला तो दिसलाच.

"नीट मोजले, आई. मी बघत होते."

"माझ्यापायी गेलं ना गं तुझं नाव?"

नम्रता नाही म्हणाली नाही. बस आली, गर्दी होती, दोघींना एकच सीट मिळाली. नम्रताने आईला बसवलं, स्वतः शेजारी उभी राहिली आणि उजवा हात तिच्या खांद्यावर ठेवला. कौशल्याबाईंनी मान वळवली नाही, पण तो हात सैल आहे हे त्यांना खांद्यावर कळत होतं, आणि स्वारगेट येईपर्यंत त्या जराही हलल्या नाहीत.