रॉकेटच्या रिंगा बंद झाल्या तेव्हा

उद्यमनगरातल्या ज्या कारखान्यात मी सहा वर्षं नोकरी केली, तिथं मुळात ऑइल इंजिनाचे सुटे भाग व्हायचे. मी लागले टायपिस्ट म्हणून. वडील गेले होते आणि घरात मिळवतं दुसरं कुणी नव्हतं. वर्षभरात मालकांना रॉकेटच्या रिंगांचं काम मिळालं. दक्षिणेतल्या सरकारी रॉकेट केंद्रातली माणसं दोनदा येऊन आमची लेथ मशिनं बघून गेली आणि ॲल्युमिनियमच्या रिंगांची ऑर्डर देऊन गेली. लहान रॉकेटच्या दोन नळ्या जिथं जोडतात तिथं ही रिंग बसायची. केसाच्या जाडीच्या पाचव्या हिश्श्याइतका फरक पडला तरी माल बाद.

प्रत्येक रिंग मोजून तिचा कागद टाइप करावा लागे. मोजणारा माणूस नोकरी सोडून गेला तेव्हा मालक म्हणाले, "ताई, टाइप तुम्हीच करता, मोजायलाबी शिका की."

मायक्रोमीटर, म्हणजे जाडी मोजायचं उपकरण, मला धरायला शिकवलं ते चाचांनी. चाचा म्हणजे आमचे हेड टर्नर, लेथवरच्या कारागिरांचे प्रमुख, पन्नाशी ओलांडलेले. त्यांचे वडील संस्थानाच्या काळात टांग्यांची चाकं करायचे. चाचा शाळेत फार गेले नव्हते, पण लेथवर फिरणाऱ्या कामाच्या नुसत्या आवाजावरून हत्याराची धार कुठं बोथट झालीय ते सांगत.

रिंगांसाठी मालकांनी काचेच्या खिडक्यांची वेगळी खोली बांधली. चपला बाहेर काढून आत जायचं. आत अकरा माणसं आणि मी. गल्लीतला चहावाला लांबूनच ओरडायचा, "राकेटवाल्यांचा च्या आला!" आमच्यातल्या मलकापूरच्या एका टर्नरचं लग्न ठरत होतं, तर मुलीचे वडील आधी खोली बघायला आले. काचेला नाक लावून त्यांनी विचारलं, "पावणं, ह्ये चंद्रावर जातंय व्हय?" तो बिचारा प्रामाणिक. म्हणाला, "चंद्रावर न्हाय मामा, पण ढगाच्या लई वर जातंय." लग्न ठरलं.

चौथ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की चाचांना नीट दिसत नाही. ते मायक्रोमीटर हातात घेऊन खिडकीपाशी जात, मग सहज आल्यासारखे माझ्याकडे येत. "पोरी, किती आलं बघ की जरा." मी वाचून सांगायची. दोघांपैकी कुणीही त्यावर कधी बोललं नाही. बाद मालाची वही माझ्याकडे असे. त्यात कुठल्या माणसाची कुठली रिंग बाद झाली ते लिहायचं. चाचांच्या नावापुढच्या नोंदी हळूहळू वाढत होत्या.

मग ते पत्र आलं. टपाल मीच उघडायची. केंद्राच्या खर्चात कपात झाली आहे, या रॉकेटचं काम थांबवलं आहे, तयार माल पाठवा, पुढचा करू नका, असा मजकूर होता. मालकांना मी ते दोनदा वाचून दाखवलं. ते दुसऱ्याच दिवशी मिरजेहून गाडी धरून दक्षिणेत गेले. आठवड्यानं परत आले ते दाढी वाढलेले. खोलीत सगळ्यांना बसवून म्हणाले, "ज्या साहेबानं आपली ऑर्डर दिलती, त्येचीच बदली झालीया. त्यो मलाच इचारालता, तुमच्याकडं काय काम हाय का म्हणून."

कुणी हसलं नाही.

इंजिनाच्या बाजूला चार माणसांना सामावून घेता येत होतं. सात जाणार होते. मालकांनी मला बोलावलं. "ताई, तुमची वही द्या. ज्येचं काम जास्त बाद, त्यो जाईल. म्हंजे माझ्या मनाचं काय न्हाय, असं हुईल." त्यांचाही जीव कासावीस झाला होता, ते दिसत होतं. मी म्हटलं, उद्या देते.

संध्याकाळी वही पिशवीत घालून मी चाचांच्या घरी गेले. चाची भाकरी करत होत्या. मी सांगितलं, "चाचा, सगळ्यात जास्त तुमचं नाव आहे. मी ही पानं काढून टाकते."

चाचांनी वहीची पिशवी माझ्यापासून लांब सरकवली. मग म्हणाले, "फाडू नगंस. मला दिसत न्हाय ह्ये खरंच हाय. राकेटचं काम सोडवंना म्हणून लपवलं. तुलाबी त्यात वढली, ह्येचंच वाईट वाटतंय." चाचींचे हात थांबले. चाचांनी त्यांनाही सांगितलं नव्हतं.

सकाळी चाचा माझ्याबरोबर मालकांच्या खोलीत आले. "मालक, माझं नाव घाला. पण बाकीच्यांचं ह्या वहीवरनं ठरवू नगासा." त्यांनी मला एक पान वाचायला लावलं. तिथं मलकापूरच्या टर्नरच्या सहा रिंगा एकाच आठवड्यात बाद झाल्याची नोंद होती. "त्या मशिनचा पट्टा सैल हुता. मी तुमास्नी दोनदा सांगितल्यालं. ह्ये कुटं लिवलंय हितं?"

कुठंच लिहिलं नव्हतं. मी फक्त आकडे लिहिले होते.

मालकांनी वही मिटली. मग आम्ही तिघं दुपारपर्यंत बसलो. कुणाची जमीन आहे, कुणाला दुसरीकडं काम मिळेल, कुणाला मिळणार नाही, असं एकेकाबद्दल बोलून यादी झाली. ती बरोबर होती असं आजही म्हणवत नाही. माझ्या नावावर बोलायची वेळच आली नाही. मोजायला रिंगा उरल्या नव्हत्या आणि टायपिंगपुरतं मालक स्वतः बघणार होते. घरी येऊन आईला यादीचं सांगताना माझ्या ध्यानात आलं की माझीही नोकरी गेली.

महिनाअखेरीपर्यंत मी कागद आवरायला जात होते. सातांतला पेठ वडगावचा एकजण रोज सकाळी डबा घेऊन गेटापाशी येऊन बसायचा. त्यानं घरी सांगितलंच नव्हतं. पाचव्या-सहाव्या दिवशी मालकांनी ते पाहिलं. त्याच्या शेजारी बसून चहा घेतला आणि त्याला घेऊन एसटीनं वडगावला गेले. घरच्यांना मालकांनीच सांगितलं. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "त्येच्या बायकोनं जेवल्याबिगर सोडलं न्हाय."

मलकापूरचा टर्नर इंजिनाकडं राहिला. चाचांच्या डोळ्यांचं मिरजेला ऑपरेशन झालं. जाड भिंगांचा चष्मा लावून ते पहिल्यांदा आमच्या घरी आले, माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "आता गं! तुझं क्येस पांढरं व्हायलागल्यात की." मी अठ्ठावीस वर्षांची होते. आई पदर तोंडाला लावून हसली.

त्याच भेटीत ते मला एका पंपाच्या कारखान्यात घेऊन गेले. तिथला मालक म्हणाला, "बाईमाणूस काय मोजणार?" चाचांनी टेबलावरचा एक दांडा उचलून त्याच्यापुढं ठेवला. "तुमी मोजा. मग तिला मोजू द्या." माझं उत्तर त्याच्यापेक्षा वेगळं आलं. त्यानं पुन्हा मोजलं, मग तिसऱ्यांदा मोजलं, आणि सोमवारपासून या म्हणाला. तिथं बाद मालाची वही करताना मी एक रकाना जास्तीचा आखला आणि वर लिहिलं, 'कारण'. तिथले लोक आधी वैतागले. मग त्यांना सवय झाली.

चाचांना इचलकरंजीला यंत्रमागाचे भाग दुरुस्त करायचं काम मिळालं. एकदा मी तिथं गेले होते. मागांच्या खडखडाटात बोललेलं काही ऐकू येत नव्हतं, म्हणून आम्ही बाहेर टपरीवर उभे राहिलो. मी विचारलं, आपल्या रिंगा वर गेल्या असतील का हो? चाचा म्हणाले, "काय म्हाईत पोरी. कुणी कळवलं न्हाय." मग चहा संपवला, आणि शेडमध्ये कुणीतरी हाक मारली म्हणून ते आत गेले.