शिरूरकरांनो, निदान खुणा तरी बदलायच्या!

मंडळी, दौंडच्या ग्राउंडवरून आत्ताच घरी आलेय. ओरडून घसा बसलाय, म्हणून टाइप करतेय.

माझी सून सुजाता दौंडच्या रेल्वे संघाकडून बास्केटबॉल खेळते. आज समोर तिचा जुना शिरूरचा क्लब होता. बाळंतपणानंतर "आता कसली पळतीय ही" म्हणत ह्याच लोकांनी तिला काढलं होतं. मी रिटायर झालेली, बाळ मी सांभाळलं. ती पळत राहिली.

शिरूरच्या मुली पास देण्याआधी बोटांनी खुणा करत होत्या. त्या खुणा सुजातानेच बसवलेल्या! तिला काढलं, पण खुणा बदलायचं कुणाला सुचलं नाही. पास निघायच्या आत ही तिथे हजर. आमचे निम्मे पॉइंट्स तिचे एकटीचे.

आम्ही सामना जिंकल्यावर त्यांचे कोच म्हणाले, "काकू, आमचीच पोरगी हाय की."

"होती," मी म्हटलं.

सुजाताने माझा हात दाबला. "आई, चेंडू धरायला सरांनीच शिकवलं." आणि वाकून त्यांच्या पाया पडली.

तर सर, आभार. शिकवलंत म्हणून, आणि काढलंत म्हणूनही. नाहीतर ती दौंडला कुठून मिळाली असती?

लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, आभार मानताना चेहरा हसरा ठेवावा. तेवढं मला आज जमलं नाही. मंडळी, तुम्हाला जमतं?