छातीतला बेडका

तुमच्या घरी कुणी महिनोन्‌महिने खोकत असेल, तर ते माणूस बेडका कुठे टाकते, हे तुम्ही कधी विचारले आहे काय?

मी विचारले नव्हते. स्वराज्य येऊन पाचसहा वर्षे झाली होती. मी दवनीवाड्याहून गोंदियाला शिकायला जायचो आणि येताना पत्रके आणायचो. ओसरीवर बिड्या वळणाऱ्या बायांना ती मोठ्याने वाचून दाखवायचो. माझी थोरली बहीणही त्यांच्यात बसायची. तिला आम्ही बाई म्हणायचो. खोकला लागला म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडले होते.

एके दिवशीचे पत्रक क्षयाचे होते : थुंकू नका, थुंकीतून रोग पसरतो.

"थुंकू नोको, तं मंग का गिळू का रे, लेक्चरवाल्या?" एका म्हातारीने विचारले. साऱ्या हसल्या.

मी चिडलो. "गिळा! पण थुंकू नका!"

बाई हसली नाही. खाली मान घालून ती पानावर दोरा गुंडाळत होती.

पुढे गोंदियाच्या दवाखान्यात छातीच्या फोटोत तिला क्षय निघाला. रोज सुई सुरू झाली. डॉक्टरांनी सांगितले, महिन्याच्या महिन्याला थुंकी तपासू, जंतू दिसेनासे झाले की सुया थांबवू. बाई झाकणाची बाटली भरून द्यायची. लागोपाठ तपासण्या स्वच्छ आल्या. सुया थांबल्या. आईने गावभर गूळ वाटला.

ताप मात्र रोज संध्याकाळी येतच होता. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, तेव्हा मी तिला पुन्हा घेऊन गेलो आणि या वेळी तपासणीच्या खोलीत शिरलो. तिथल्या माणसाने बाटली उजेडात धरली.

"ये तो थूक है, भैया. बलगम कहाँ है?"

बाटलीत बेडका नव्हता, नुसती लाळ होती. मी बाईकडे पाहिले.

"तूच तं सांगतलं होतं ना, गिळा म्हणून," ती म्हणाली. "गिळूनच राहिली मी. अन् डॉक्टरले का घाण देऊ? तोंड धुऊन साफ थुंकी आणत होती."

त्या माणसाने तिला बाहेर कडुनिंबाखाली बसवले. खोल श्वास घे, आता खोक, पुन्हा घे. बाईचे डोळे पाण्याने भरले. शेवटी आले ते दाट, पिवळे, त्यात रक्ताची एक रेघ. त्याने ते काचेवर पसरले, रंगवले, आणि मला सूक्ष्मदर्शकातून दाखवले. निळ्या रंगावर लाल बारीक काड्या : क्षयाचे जंतू. पुष्कळ.

सुया पुन्हा सुरू झाल्या, पण डावे फुप्फुस पोखरून गेले होते. धानाची मळणी चालू असताना बाई गेली. पत्रकात लिहिलेले खोटे नव्हते. पण थुंकायचे नाही तर करायचे काय, हे त्यात नव्हते. ती जागा मी तोऱ्यात भरून काढली. मरेपर्यंत तिने मला त्याबद्दल दोष मात्र दिला नाही.

म्हणून मागतो ते एवढेच. उद्या सकाळी तुमच्या घरच्या खोकणाऱ्या माणसाजवळ बसा. त्याच्या हाती झाकणाची बाटली द्या, त्याला उघड्यावर नेऊन खोल श्वास घ्यायला लावा, छातीतले काढू द्या. लाजेल, तरी उठू नका. बाटलीत काय आले ते तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहा, आणि लाळच असेल तर पुन्हा खोकायला सांगा. मग त्याच दिवशी ती दवाखान्यात पोचती करा.