तारेला पाणी

आमच्या घरात रेडिओ आला तो यांच्या हौसेने. हे कचेरीत कारकून. सोलापुरात तेव्हा मुंबईचं केंद्र धड लागत नसे. त्या केंद्राची ताकदच कमी, असं हे म्हणत. दिवसा नुसती खरखर. दिवे लागल्यावर कुठे माणसाचा आवाज येई, तोही विहिरीत कोणी बोलावं तसा. म्हणून यांनी माळवदावर दोन बांबू उभे करून एक तार ताणली आणि दुसरी जमिनीत पुरली. ही दुसरी तार ओल्या मातीत राहिली तरच आवाज उठतो म्हणे.

आधी ती तुळशीच्या मातीत खोचली, कारण तिथे रोज पाणी पडतं. पण तुळशीला संध्याकाळी पाणी घालत नाहीत, आणि मुंबई लागायची ती संध्याकाळीच. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तार उपटून यांच्या हातात दिली. मग परसात मोरीचं पाणी जिरतं तिथे खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून ती पुरली. उन्हाळ्यात तिथलीही माती तडकायची. रोज तिथे कळशा ओतायचं काम माझ्याकडे आलं. नळावर ताटकळून आणलेलं पाणी मातीत जाताना बघवत नसे.

"म्हशीला एवढं पाजलं तर दूध तरी देती," आत्याबाई यांना म्हणायच्या. "तुझी पेटी नुसती खोकती की."

त्या चैत्रात माझ्या धाकट्या बहिणीचा निरोप आला. लग्न होऊन ती मुंबईला गेली तेव्हापासून आमची भेट नव्हती. केंद्रावर बायकांच्या गाण्यांत ती एक गाणं म्हणणार होती, आईने आम्हा दोघींना शिकवलेलं. मला तिचा आवाज ऐकायचा होता. कोणाला तसं बोलले नाही, पण खड्ड्यात पाणी जास्त ओतू लागले.

आणि नेमकी गाण्याच्याच दिवशी सकाळी मी बाजूला बसले. आता चार दिवस मागच्या पडवीत. माजघरात पाऊल टाकायचं नाही. पेटी माजघरात.

"आई, पेटी पडवीच्या दारात आणू का?" यांनी विचारलं.

"आण की. तार पुरती का?"

तार पुरेना. हलवाहलवीत लागलेलं केंद्र जाईल, अशीही यांना धास्ती. शेवटी पेटी जागेवरच राहिली आणि दार उघडं ठेवलं.

"आणि पाणी?"

"तिलाच वतू दे. खड्ड्यापाशीच बसलीया." मग आत्याबाई थांबल्या. "पर ती तार माजघरात येती रं. इटाळ चढल."

"विजेला विटाळ नसतो, आई."

"तुला लई ठावं. तारेला हात नको लावू गं, वरनं वत."

दिवे लागल्यावर खरखर सुरू झाली. मी तांब्याने ओतत राहिले. आतून हे सांगायचे, "अगं, अजून थोडं." ओतलं की म्हणायचे, "उठला आवाज." खरंच उठत होता की यांना वाटत होतं, देव जाणे. माझ्यापर्यंत घूंघूं आणि मध्येच एका बाईचा सूर, एवढंच येत होतं. कोणत्या बाईचा, ते सांगता येईना. थांबून कान द्यावा तर आतून पुन्हा हाक. पाठ भरून आली होती. घंगाळातलं पाणी संपायच्या आत गाणं संपलं.

आत्याबाई दारात येऊन अंतर राखून बसल्या. "गायली गं. चांगली गायली."

"तीच होती का?"

"मला काय तिचा आवाज ठावं? मधी एका जागी दम लागला तिला. वर चढली, तितं जरा थांबली, मग म्हणाली पुढं."

माहेरी आम्ही ते गाणं म्हणायचो तेव्हा त्या चढावर तिचा श्वास पुरत नसे. तिथे मी सूर धरून ठेवायची आणि ती मागून येऊन मिळायची.

"तीच होती," मी म्हटलं.

आत हे शेजाऱ्यांना सांगत होते, आज मुंबई किती स्वच्छ लागली. आत्याबाईंनी वरून माझ्या ताटात भाकरी टाकली. भूक नव्हती. तरी खाल्ली आणि तिथेच तरटावर आडवी झाले.