रातांब्यांची टोपली आणि बी.कॉम.चा अभ्यास

आपल्या एडीएचडी कम्युनिटीतल्या मंडळींनो, खास हे सांगायला सायबर कॅफेत आलेय. माझे लालभडक हात बघून कॅफेवाला दचकलाच!

मला एडीएचडी आहे, म्हणून लक्ष टिकत नाही, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं. तरी आईचा एकच हेका, "एका जागी नीट बस, लागेल लक्ष." परवा पेपर आहे, आणि मी सकाळपासून तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते.

दुपारी पावस गावाहून मामाने टोपलीभर रातांबे पाठवले. कोकमाच्या या फळांची आमसुलं करायची होती. मी पाटावर पुस्तक उघडं ठेवलं आणि रातांबे फोडायला बसले. आई ओरडली, "अगो, एक काय ते कर!"

पण हात गुंतले आणि डोकं चक्क शांत झालं. वाचलेलं कळायला लागलं. पान संपलं, तर हात रसाने माखलेले.

"आई गो, पान उलट ना."

तिने उलटलं. मग म्हणाली, "काय वाचलंस सांग बघू." मी घडाघडा सांगितलं. ती पुढचं पान उलटायला शेजारीच बसली.

तुमचं लक्ष कशाने लागतं? कळवा लवकर. कारण टोपली संपली तेव्हा धडा थोडा राहिला होता, आणि आई उठून चपला शोधायला लागली.

"थांब, शेजारच्या काकूंचे रातांबे घेऊन येते."