शनिवारचा उपास

वडनेरहून वर्ध्याला आले तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी होती आणि सुतळीनं बांधलेली वळकटी. पेटी बाबांच्या डोक्यावर होती, म्हणून वळकटी मी पाठीवर घेतली. मला रिकाम्या हातानं चालायची सवय नव्हती. मास्तरीण होण्याच्या वर्गाला माझं नाव लागलं होतं. वसतिगृह म्हणजे एक जुना कौलारू बंगला, त्यात दोन मोठ्या खोल्या आणि अठरा मुली. वर्धा काही विलायत नव्हे. पण मला ते परमुलुखासारखंच वाटलं, कारण तिथं मी कुणाची कोण हे कुणालाच माहीत नव्हतं.

फाटकाशी बाबा म्हणाले, "आठ दिवस राहून पाय. इतवारी येतो मी. जीव नाई रमला तं घरी चाल, त्यात लाज नाई."

लाज नव्हती, पण पुढचं मला ठाऊक होतं. घरी परतले की पुलगावच्या गिरणीतल्या एका माणसाचं स्थळ तयारच होतं. माणूस वाईट नसेलही. मला मास्तरीण व्हायचं होतं, एवढंच.

पहिल्याच संध्याकाळी मी माती खाल्ली. ओसरीत पाण्याचा रांजण होता. मी लोटा घेऊन त्याच्यापासून चार हात लांब उभी राहिले, कुणीतरी येऊन वरून पाणी ओतील म्हणून. गावात जन्मभर तसंच प्यायले होते. गेल्या दसऱ्याला बाबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, घरातले देव नाल्यात सोडले होते. पण माझ्या पायांना ते अजून कळलं नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरची मुलगी आली. हिंगणघाटच्या एका कापडदुकानदाराची लेक ती.

"काऊन उभी हायेस? घे नं पाणी," ती म्हणाली.

मी घेतलं. त्या एका वाक्यासाठी मी तिच्यावर जीव टाकायला लागले.

दोन दिवस फार बरे गेले. तिनं मला बाजार दाखवला, वेणी घालून दिली. मंगळवारी मुलींनी कोनाड्यात आपापले देव मांडले आणि तिनं सहज विचारलं, "तुहे देव कुठं हायेत?"

मी ताठ मानेनं सांगितलं, "आमच्या घरी देव नाईत. आम्ही दीक्षा घेतली."

कुणी नाक मुरडलं नाही. उलट सगळ्या फारच गोड वागायला लागल्या, तेव्हाच मला उमगायला हवं होतं. गावातले लोक निदान ओरडून सांगत.

वसतिगृहात वरण-भाजी स्वयंपाकाच्या मावशी करत आणि भाकरी मुलींनी पाळीपाळीनं थापायच्या. शनिवारी सकाळची पाळी माझी होती. परातीत ज्वारीचं पीठ मळताना मी स्वतःशी ठरवून टाकलं: पोरी माझ्या हातचं जेवल्या तर राहायचं, नाही तर उद्या बाबांबरोबर घरी. माझ्या आईच्या हाताखाली शिकलेली मी. एकही भाकरी फुगल्याशिवाय तव्यावरून उतरू दिली नाही.

पंगतीची वेळ झाली. पहिली म्हणाली, "आज माहा शनिवार हाये." दुसरीचाही शनिवार निघाला. मग तिसरीचा. मारुतीला एका दिवसात एवढ्या भक्तिणी कधी मिळाल्या नसतील. मी शेजारणीकडे पाहिलं. ती खाली बघत म्हणाली, "माहाही उपास हाये वं."

बाकीच्यांचं मला फार वाटलं नाही. तिचं वाटलं. आजही वाटतं.

गिरडची एक मुसलमान मुलगी होती, ती तेवढी पाटावर बसली. "माहे रोजे तं उन्हाळ्यातच संपले," ती म्हणाली. "वाढ मले." आम्ही दोघीच जेवलो, समोर भाकरींची ही थोरली चळत. संध्याकाळी भाकरी दुसरीनं थापल्या आणि सगळ्यांनी पोटभर उपास सोडले.

रविवारी बाबा आले तेव्हा माझी वळकटी बांधून तयार होती. ते सकाळपासून उपाशी होते, आणि माझ्याजवळ द्यायला त्या शिळ्या भाकरींशिवाय काही नव्हतं. चटणीबरोबर दिल्या. ओसरीच्या पायरीवर बसून ते खाऊ लागले.

"चांगल्या झाल्या. पण एवढ्या काऊन उरल्या?"

मी सांगितलं. त्यांनी चटणीला लावून आणखी एक घास घेतला. मग म्हणाले, "चाल. आणतो तुही पेटी."

दुसऱ्यांनी टाकलेलं माझा बाप निमूट खातो आहे, हे पाहून माझं डोकं फिरलं. आदल्या दिवशी मला रडू आलं होतं. आता नुसता राग होता, आणि रागात मला चांगलं सुचतं. मी उठून सरळ बाईंच्या खोलीवर गेले. बाई वसतिगृहाच्या प्रमुख. त्यांचं जेवण वेगळं असे. मी म्हटलं, "बाई, पुढचा आठवडाभर दोन्ही वेळच्या भाकरी मीच थापते."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक असणार. "एकटीला झेपेल?"

"झेपेल."

पायरीवर येऊन बाबांना सांगितलं.

"आन त्या नाईच जेवल्या तं?" त्यांनी विचारलं.

"सात दिवस कोणाले उपास निघते, बाबा?"

बाबा हसले नाहीत. उरलेल्या भाकरी त्यांनी पंच्यात बांधल्या, म्हणाले, "जपून राह्यजो," आणि एकटेच मोटारीच्या अड्ड्याकडे गेले. फाटकातून मी त्यांना दिसेनासे होईपर्यंत पाहिलं. त्यांना परत बोलवावं असं फार वाटलं.

सोमवारी सकाळी महादेवाचा उपास निघाला. पण संध्याकाळी तो सोडायला भाकरी माझीच होती. गिरडवालीशेजारी दोघी येऊन बसल्या, बाकीच्यांनी गूळ-शेंगदाणे काढले. मंगळवारी गणपतीचा उपास होता. त्या संध्याकाळपर्यंत शेंगदाणे संपले असावेत, कारण एकेक करत मुली पाटावर येऊ लागल्या. सर्वांत शेवटी शेजारीण आली. मी तिला भाकरी वाढली. तिनं घास मोडला, चावला, वर पाहिलं नाही.

"कडा कच्च्या राह्यल्या," ती म्हणाली.

इतक्या दिवसांत त्या घरात माझ्याशी कुणी भांडलं नव्हतं.

"तं नको खाऊ," मी म्हटलं.

तिनं ती भाकरी संपवली, आणि ताट पुढं केलं.